आंगन वाळेपर्यंत

थांबा थांबा थांबा... तिथंच! गेटाच्या आत पाय नका टाकू बाप्पा, ओलं हाय! हो, तुमालेच म्हनून राहिलो, टोपीवाले भाऊ. दिसाले कोरडं दिसते, मलेबी सकाळपासून कोरडंच दिसून राहिलं, पन दिसन्यावर जायचं नाई असं सूनबाईनं फोनवर बजावलं हाय. तुमी तिथं नालीच्या ढाप्यावर बसा, मी इथं उंबरठ्यावर उभा राहतो, मधात हे आमचं आंगन. माहा आवाज येते ना? येते. मंग झालं.

दुपारी इथं कायचा गलका झाला, ऑटो रस्त्यात आडवा काहून उभा होता, अन् शेवग्याच्या शेंगा तोडाचा बांबू आंगनात असा मेल्यासारखा काहून पडला, हेच इचाराले आले ना तुमी? सांगतो. सारं सांगतो. मले कुठी जायची घाई हाय? तुमाले सांगतो, मले जाताच येत नाई, हीच तं सारी भानगड हाय!

दुसऱ्या कोन्या दिवशी कोंडलं असतं ना मले, तं मी चकार शब्द काढला नसता. मी तसा मानूसच नाई. एसटी उशिरा आली तं मी स्टँडवर बसून राहतो, डॉक्टर उद्या या म्हनला तं उद्या जातो, भाजीत मीठ नसलं तं म्हातारीले वाईट वाटन म्हनून तशीच खातो. पन आज! नेमकं आजच! आज वामनराव परतवाडा सोडून जाऊन राहिला होता. कायमचा. पुन्याले. त्याले पोचवाले मी जानार होतो. अन् मी इथं, माह्या सोताच्या घरात, माह्या सोताच्या आंगनानं अडवून ठेवलेला... हसा, हसा. हसन्यासारखंच हाय.

तुमी म्हनान, मागच्या दारानं जायचं ना! अवो, मागचं दार राहिलं कुठी? तिथं आता कपडे धुवायची मशीन बसली, अन् मशीनच्या मागं शेजाऱ्याची भित. गच्चीवर जायचा जिना आंगनातूनच चढते. खिडक्यायले गज हाय. चोर आत येऊ नये म्हनून लावले, आता मले काय माहीत का घरधन्यालेच खिडकीतून बाहेर जायची पाळी येईन!

तं हे आंगन. हे नीट पाहून घ्या, पन लांबूनच. काय दिसते तुमाले? दगडाच्या फरश्या दिसते ना, काळ्या-करड्या, लहान-मोठ्या, मधात सांधे? दगड नाई थे. सिमिट हाय! सिमिटच, पन त्याच्यावर रबराचे ठसे दाबून दगडाचं सोंग आनलं हाय. अन् पहिले इथं काय होतं? दगड! खरे दगड! माह्या बापानं बैलगाडीत घालून आनलेले काळे दगड, मानसाच्या पायानं घासू घासू गुळगुळीत झालेले. थे उपटले, ट्रॅक्टरमधी भरले, दूर नेऊन फेकले, अन् त्याइच्या जागी दगडासारखं दिसनारं सिमिट टाकलं! मी श्यामले, माह्या पोराले, एकडाव हळूच इचारलं, "अरे श्याम, दगडासारखंच पाह्यजे होतं तं दगड काय वाईट होते?" तं तो म्हनते, "बाबा, ते ओरिजनल होते, पन त्याले फिनिशिंग नव्हतं."



हे सारं सूनबाईच्या डोक्यातून निघालं. सूनबाई, म्हनजे प्रतीक्षा, पोरगी वाईट नाई बरं का. अमरावतीची हाय, इथं अचलपुरात कॉलेजात शिकवते, माह्या गुडघ्याचं तेल तीच आठवनीनं आनते. पन तिनं मोबाइलमधी एक आंगन पाहिलं. कोनाचं आंगन, कोन्या देशातलं, देव जाने. त्या आंगनात एक मानूस नाई, एक कोंबडी नाई, झाडाचं वाळलेलं पान म्हनाल तं नाई! मी म्हनलं, "बाई, या घरचे लोक कुठी गेले?" तं ती म्हनते, "अहो बाबा, फोटो आहे तो!" मले तवाच समजाले पाह्यजे होतं. घरचे लोक घरातच असन. कोंडलेले असन बिचारे, माह्यासारखे!

मंग आला देवानंद. ठेकेदार. डोयावर गॉगल, एका हातात एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन, अन् दोन्ही फोनवर एकाच टायमाले "येऊन राहिलो ना भाऊ, रस्त्यातच हावो" म्हनते, अन् हाय कुठी? आमच्या ओट्यावर, चहा पिऊन राहिला! मले म्हनते, "बाबा, तुमी फक्त डिझाइन सांगा. दगड पाह्यजे दगड, ईट पाह्यजे ईट, सागाच्या फळ्या पाह्यजे तं सागाच्या फळ्या, अशा हुबेहूब का सुताराले रंधा मारावासा वाटन!" मी म्हनलं, "मातीचं जमते का?" तो हसला नाई. इचारात पडला. म्हनते, "मातीचं डिझाइन अजून आपल्याकडं नाई आलं बाबा."

काम मात्र पाहन्यासारखं झालं, खोटं काहून बोलू? ओल्या सिमिटावर रंगाची भुकटी अशी उधळली जशी का धुळवड हाय, मंग रबराच्या मोठ्या चटया अंथरल्या अन् त्याच्यावर मानसं नाचले. नाचले म्हनजे, धम्म धम्म ठोकलं. चटई उचलली का खाली दगड! मंग सारं वाळल्यावर वरून चकाकीचा कोट. असा चमकला, असा चमकला, गुळाच्या पाकासारखा! म्हातारी, म्हनजे माही घरवाली रुख्मिनी, दारात उभी राहून पाहत होती. म्हनते, "दिसते चांगलं. आता याच्यावर पाय ठेवाचा का पूजा कराची?"

अन् बोलली तसंच झालं बाप्पा! आंगन झालं अन् आंगनाचे कायदे झाले. खाट ओढाची नाई, खाटेच्या पायानं कोट खरवडते. मिरच्या वाळवाच्या नाई, लाल डाग पडन. हळद वाळवाची नाई, पिवळा डाग पडन. पापड? पापडाचा डाग पडत नाई, पन पापडाखालचा कागद दाबाले दगड लागते, अन् दगडानं ओरखडा पडते! म्हनजे पाहा तुमी, दगडाच्या आंगनात दगड ठेवाचा नाई! तुळशीले पानी जास्त झालं अन् खाली उतरलं, तं पांढरे चट्टे पडते. सूनबाईच्या गाडीचं स्टँड टेकाले लाकडाचा तुकडा पाह्यजे. रांगोळी चालते, पन रंगाची नाई. पावसाळ्यात दूधवाला एकडाव असा घसरला, असा घसरला, गेटापासून निघाला तं सरळ म्हातारीच्या पायापाशीच! म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हनलं, "सुखी राहा."

आं? कोन रे थो? अरे पोट्टेहो, बॉल आत आला तं राहू द्या! उद्या घेऊन जा! ओलं हाय!

हां. तं वामनराव. वामनराव म्हनजे या मागच्या गल्लीतले रिटायर मास्तर. पोथी-पुरानाच्या घरातला मानूस, बुकं वाचनारा, अन् मी अंगठा उठवनारा शेतकरी. आमचं जमलं कसं, हे त्यालेबी माहीत नाई अन् मलेबी नाई. रोज दिवस कलला का वामनराव येते... येत होता म्हना आता. खाटेच्या त्या टोकाले तो, या टोकाले मी. तो पेपर वाचून दाखवते, चष्मा नाकावर, एकेक शब्द सुटा सुटा करून, पोरायले शिकवते तसा. मंग म्हनते, "काय कळलं, महादेवराव?" मी म्हनतो, "कापसाचं काई हाय का त्याच्यात?" तो म्हनते, "नाही." "मंग राहू द्या." मंग आमी दोघं बी चूप बसतो. तेच तं खरं काम होतं आमचं, चूप बसनं! तुमाले सांगतो, बोलाले कोनबी भेटते, चूप बसाले मानूस भेटत नाई. गोदावरीबाई, त्याची मंडळी, मागच्या साली गेल्या. तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा येऊन बसला खाटेवर. बोलला नाई. मी बी बोललो नाई. म्हातारीनं चहा आनून ठेवला. अंधार पडला, डास चावाले लागले, मंग उठला. म्हनते, "बरं वाटलं."

अन् या मानसाले माह्या आंगनानं काय काय कराले लावलं! खाट गेली, पिलास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्याच्यावर आमी दोघं असे बसाचो जसं का दवाखान्यात नंबर लावला हाय. मंग त्याची काठी! काठीच्या बुडाले लोखंडाची टोपी होती. टक, टक, टक, गल्लीच्या तोंडाशी वाजली का म्हातारी इकडं चहा टाके. पन सूनबाईनं कोटावर बारीक बारीक टिपके पाहिले. तशी मऊ बोलली हो, "काका, काठीला रबर लावून घ्याल का?" मले वाटलं जमीन फाटावी अन् मी आत जावं, पन जमीन कशी फाटन, खाली जाळी टाकली हाय लोखंडाची! दुसऱ्या दिवशी वामनराव कवा आला, समजलंच नाई. एकदम खुर्चीपाशी उभा. काठीले काळं रबर. म्हनते, "महादेवराव, आता मी आलो हे तुम्हाला कळायचं कसं?" मी म्हनलं, "तुमी खोकत या." तवापासून तो मानूस गल्लीच्या तोंडापासून खोकत येत होता! खोकला नसून बी!

मंग तुमी म्हनान, आंगन तं कवाचं झालं, आज पुन्हा ओलं कसं? त्याचं असं झालं...

"माहं नाव नका सांगू!"

पाहा, म्हातारी आतून ओरडून राहिली. तिचंच नाव सांगा लागते, काय करू? दिवाळीच्या पाडव्याले आपल्याकडं गायगोधन असते ना. शेनाचं गोधन मांडाचं, झेंडूची फुलं खोचाची, गाय त्याच्यावरून न्याची. म्हातारी लग्न होऊन आली तवापासून करते. या पाडव्याले सूनबाई अमरावतीले माहेरी, श्याम तिच्यासंगं. म्हातारी अंधारात उठली अन् आंगनाच्या ऐन मधात ओल्या शेनाचं हे एवढं गोधन! अन् उरलेल्या शेनाचा चारी बाजूनं सडा! मी दात घासत बाहेर आलो तं वास कसा ओळखीचा आला. मी म्हनलं, "अवो, हे डिझाइनचं हाय ना?" तं ती कंबरेवर हात ठेवून म्हनते, "डिझाइनचं असो का कायचंबी असो, आंगन हाय ना थे? आंगनाले शेन नाई लावाचं तं काय लावाचं, पावडर?" अन् खरं सांगू? मले त्या दिवशी ते आंगन आपलं वाटलं. वामनराव बी खोकत आला, थबकला, अन् म्हनते, "वा!" एवढंच.

पन गोधन उचललं तं खाली हिरवा-पिवळा चट्टा. डिझाइनच्या साऱ्या सांध्यात शेन भरलेलं. सूनबाई आली. पाहिलं. एक शब्द बोलली नाई, अन् सूनबाई एक शब्द बोलत नाई तवा म्हातारी बी भेते. सरळ आत गेली, संडास धुवाचं ॲसिड आनलं अन् ओतलं. फस्स! असा फेस आला, असा धूर निघाला, मले वाटलं दगडाचं सोंग उतरून आता खालून माह्या बापाचेच दगड वर येते! डाग गेला. लगेच गेला. पन डागासंगं रंगबी गेला! काळ्या आंगनात ऐन मधात पांढरा गोल चट्टा, म्हशीच्या कपाळावर चांद असते तसा. देवानंदले फोन लावला तं तो फोनमधूनच किंचाळला, "ॲसिड? अवो मॅडम, कोमट पानी, जराशी साबन, नरम बुरूस, एवढ्यात निघते ते! ॲसिडनं तं सिमिट जळते! आता रंग मारा लागते, वरून सारा कोट पुन्हा मारा लागते." कवा येतो? तं म्हने आज येतो. मंग उद्या येतो. मंग रस्त्यातच हाय. अशी तुळशीची लग्नं लागली तरी तो रस्त्यातच!

अन् तिकडं वामनरावाचा पोरगा, पुष्कर, दिवाळीले पुन्यावरून आलेला. चांगला पोरगा हाय, पन घड्याळ पाहत बोलते. म्हनते, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. मी तुम्हाला घेऊनच जाणार." वामनराव मले म्हनला, "मी नाही म्हणालो नाही हो. नाही म्हणायला काही कारण सापडेना." मी म्हनलं, "जा. पोराच्या घरी जाऊन राहिले, काई जंगलात नाई." म्हनलं खरं. अन् वचन देल्लं का मी तुमच्या घरी येतो, पेटी उचलू लागतो, अन् ट्रॅव्हल्समधी तुमाले बसवून मंगच घरी येतो.

ते आज.

सकाळी पोरगा अन् सून आपापल्या कामावर गेले. मी दार लोटून दाढी, आंघोळ, देवपूजा सारं सावकाश केलं, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, दार उघडलं... अन् समोर काय? देवानंद! इतक्या दिवसानं आजच उगवला, तोबी न सांगता! चट्ट्यावर रंग मारून, वाळवून, दारापासून कोट मारत मारत मागं मागं सरकत तो गेटापर्यंत पोचलेला, अन् रोलर फिरवून शेवटचा हात मारून राहिला! मले पाहून म्हनते, "राम राम बाबा! झालं!" मी म्हनलं, "अरे, मी आत हावो!" तं तो म्हनते, "मंग आतच राहा ना बाबा, या वयात कुठी जाता!" गेटाले कडी लावली अन् फुर्र! त्याची रंगाची बादली इथंच, ओट्यावर राहिली, तेबी त्याच्या ध्यानात नाई.

सूनबाईले फोन लावला. तिचं लेक्चर चालू. हळू आवाजात म्हनते, "बाबा, उद्या सकाळपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही हं. आईंना सांगा. शेण तर अजिबात नाही!" मी म्हनलं, "बाई, वामनराव आज जाते." तं तिकडून, "बाबा, मी वर्गात आहे, ठेवते." ठेवला.

मंग बसलो उंबरठ्यावर. गेटाले दुधाची पिशवी लटकलेली, दिसून राहिली, हात पुरत नाई. मांजर आली, पिशवी फाडली, आमच्याकडं पाहत पाहत दूध पेली. म्हातारी म्हनते, "पाट टाकत टाकत जा ना." पाट चिपकला म्हनजे? खुर्च्या मांडून खुर्चीवरून खुर्चीवर जा म्हनते. या वयात! मी म्हनलं, "तू पहिले जाऊन दाखव." मंग वामनरावाले फोन लावला, तं तो सामानाच्या गडबडीत, पुष्करनं उचलला. "काका, बाबा अंघोळीला गेलेत. सांगतो त्यांना." सांगितलं का नाई, कोनाले माहीत. मी बसलो. दिवस वर आला. आमी जेवलो. 

अन् जेवन झाल्यावर, तुमाले सांगतो, गल्लीच्या तोंडाशी खोकला आला.

ऑटो थांबला. वामनराव उतरला. इस्तरीचा शर्ट, कपाळाले गंध, अन् पायात बूट! मी त्या मानसाले बुटात कवा पाहिलं नव्हतं. गेटावर हात ठेवून उभा राहिला. म्हनते, "महादेवराव, तुम्ही आला नाहीत." बस, एवढंच. रागानं नाई. मी म्हनलं, "ओलं हाय हो." तो म्हनते, "असं होय. मला वाटलं..." 

मागून पुष्कर, "बाबा, चला ना, ट्रॅव्हल्स सुटेल."

तेवढ्यात म्हातारी आतून वाटी घेऊन धावत आली. दही-साखर! घरून निघनाऱ्या मानसाच्या हातावर दही देल्ल्याशिवाय तिनं कवा कोनाले जाऊ देल्लं? पाहुन्याले नाई, परीक्षेच्या पोराले नाई, एकडाव तं चुकून लाइटबिलवाल्याले देल्लं! पन हात पुराव कसा? मधात हे मोठं आंगन. मंग मले सुचलं. शेवग्याचा बांबू! त्याच्या आकड्यात पळी अडकवली, नाड्यानं करकचून बांधली, पळीत दही-साखर घेतली, अन् मी बांबू असा हळूहळू पुढं सरकवला. तिकडून वामनराव गेटावर पोट टेकवून हात लांबवते. इकडून मी उंबरठ्यावर वाकतो. म्हातारीनं माहं धोतर मागून धरलेलं. ऑटोवाला उतरून पाहून राहिला. रस्त्यावर लोक जमले. "काका, अजून थोडं! डावीकडं! डावीकडं घ्या!" बांबू वाकते, पळी डुलते, अन् त्याच्या बोटात अन् पळीत एवढंसं... एवढंसं अंतर राहिलं बाप्पा! एक पाऊल! मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तं पोचलं असतं!

म्हातारी म्हनते, "टाका ना अवो पाय! सुनेचं मी पाहून घेईन!"

मी पाय उचलला. खरंच उचलला. अन् तिकडून वामनराव ओरडला, "नको! महादेवराव, नको! खराब होईल! पोरीनं किती हौसेनं केलंय!"

अन् मी ऐकलं.

मी हा असा एका पायावर उभा, हातात बांबू, अन् पुष्करनं वाजवला ऑटोचा भोंगा! मी दचकलो, पळी कलंडली, अन् दही... थप्प! नव्या कोटावर! पांढरं फट्ट! बांबूबी सुटला हातातून, तो हा इथं पडून हाय. आमी दोघं बी त्या दह्याकडं पाहून राहिलो. तुमाले सांगतो, एवढ्या वर्षाची बैठक, शेवटच्या घडीले एकमेकाच्या तोंडाकडं पाहाव का नाई? नाई! दह्याकडं! अन् वामनराव, मास्तर तो मास्तर, जाता जाता काय म्हनला? "पाणी टाकू नका हं. कोरड्या फडक्यानं टिपून घ्या." बसला ऑटोत. गेला.

टिपून घ्या! हे शेवटचे बोल! मी टिपू बी कसं? फडकं घेऊन तिथं जाऊ कसा? ओलं हाय ना!

तवापासून मी अन् ते दही एकमेकाकडं पाहून...

अबे! अबे ए! थांब! देवानंद! अरे पाय नको... पाहा, पाहा, घुसला! बुटासकट! गेट उघडून सरळ चालत येऊन राहिला माह्याकडं, अन् दोन्ही कानाले फोन! अरे ओलं हाय ना!

"कायचं ओलं बाबा? बादली राहिली होती माही. कवाचं वाळलं हे! जेवनाच्या टायमालेच वाळलं असन. उनं पाहा कसे पडले आज. चालाले काई हरकत नव्हती. गाडी उद्या सकाळपर्यंत नका लावू, असं म्हनलं होतं मी मॅडमले. गाडी! मानसाचं कोन म्हनलं?"

...जेवनाच्या टायमाले.

"ऐकलं का?" म्हातारी आतून म्हनते.

ऐकलं वो.

"अन् हे काय पडलं बाबा, दही का?" पाहा, वाकला, अंगठ्यानं खरवडलं, पुसलं. गेलं! डागबी नाई! "याच्यासाठीच तं कोट असते बाबा. काई सांडू द्या, पुसलं का साफ." घेतली बादली. चालला. अरे ऐक तं... गेला. रस्त्यातच हाय म्हनते कोनाले तरी.

बरं. मंग... येतो मी तिकडं. थांबा. हा टाकला पाय. ऊन ऊन लागते तळव्याले. चिकट नाई, काई नाई. दुसरा. जपून याव लागते, गुळगुळीत लय हाय. म्हातारे, दार लोटून घे, मी आलोच. हे पाहा... आलो. साऱ्या दिवसात पह्यल्यांदा गेटाबाहेर! इथं, याच गजाले धरून उभा होता तो. इथून हाक मारली असती तं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेली असती. आता कुठी ऐकू जाते? आतापर्यंत तं अकोलाबी मागं पडलं असन.

हे कोन आलं? सूनबाईची गाडी. ये बाई, ये. आज लवकर...

"बाबा! अहो तुम्ही बाहेर कसे आलात? चालत? यावरून?"

अवं, वाळलं म्हनते देवानंद...

"देवानंदचं काय ऐकता तुम्ही! दिवाळीपासून रस्त्यातच आहे म्हणत होता, ते खरं होतं का? मी व्हिडिओत पाहिलंय, पूर्ण रात्र जाऊ द्यावी लागते! आता पुन्हा नका हं पाय टाकू, निशाणं उमटतील. थांबा तिथंच. मी गाडी मैत्रिणीकडं लावते, श्यामला सांगते, उद्या सकाळी बघू. आई आत आहेत ना? बरं झालं. आई, तुम्ही आतच राहा!"

गेली. गाडी घेऊन गेली.

म्हनजे आता म्हातारी आत अन् मी बाहेर. रात्रभर. पाहा तुमी, सकाळपासून बाहेर यावं म्हनून तडफडून राहिलो, अन् बाहेर आलो तं आत जाता येत नाई! बरं, असं बाहेर पडल्यावर दिवस कलताना मी कोनाकडं जातो? एकच घर होतं मले परतवाड्यात. त्याले आज पुष्करनं कुलूप लावलं.

राहू द्या. तिले बी वाईट वाटन, पोरीनं हौसेनं केलं.

ज्याच्यात पाय टाकता येते असं आंगन कोनाचं हाय का हो तुमच्यात? काई नाई, बोलनार बी नाई मी, नुसता चूप बसतो. हाय म्हनता? चला मंग. पन जरा हळूहळू चला भाऊ... माही चप्पल आत राहिली.